जुना हँडहेल्ड पुन्हा कामाला लावताना: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

जुना हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारा छोटा संगणक (पाम, सायॉन किंवा एचपीचा पामटॉप), हाती आला की बहुतेक जण एकाच क्रमाने पुढे जातात: चार्जर लावायचा, चालू करायचा, संगणकाला जोडायचा आणि सिंक (दोन्हीकडच्या नोंदी एकमेकांशी जुळवणं) दाबायचं. नेमका हाच क्रम घात करतो. आत जुन्या नोंदी असतील तर त्या पहिल्याच सिंकमध्ये पुसल्या जाऊ शकतात. आत काहीच नसेल तरी यंत्र आजच्या फोनशी जुळत नाही म्हणून थोड्या दिवसांत पुन्हा खणात जातं.

म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून टाका, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोन आणि जुनं यंत्र यांच्यात दोन्ही बाजूंनी सिंक जमवायचा हट्ट सोडा. माहितीच्या प्रत्येक प्रकाराला एकच मालक द्या, आणि ती मालकाकडून दुसरीकडे एकाच दिशेने जाऊ द्या. हे पाळलं तर १९९४ चा एचपी २००एलएक्ससुद्धा रोज कामाला येतो.

खालचे टप्पे पाम ओएस, सायॉन सिरीज ३ आणि ५, एचपी १००एलएक्स-२००एलएक्स आणि पॉकेट पीसी (मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर चालणारे हँडहेल्ड) यांना धरून लिहिले आहेत. टप्पे वगळू नका, आणि क्रम तर अजिबात बदलू नका.

## टप्पा १: बटण दाबण्याआधी

यंत्राला हात लावण्याआधी त्यातली माहिती कुठे राहते ते ओळखा. अनेकांना फोनची सवय असते, त्यामुळे बॅटरी संपली तरी माहिती जागेवर असणार असं ते गृहीत धरतात. जुन्या हँडहेल्डमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं.

सायॉन सिरीज ३ आणि ५, एचपीचे एलएक्स, पाम ३, पाम ५, पामचेच एम५०० आणि टंगस्टन टी३, आणि विंडोज मोबाइल ५ च्या आधीचे पॉकेट पीसी या सगळ्यांत माहिती रॅममध्ये असते. वीज पूर्ण तुटली की ती गेली, परत मिळत नाही. २००४ चा टंगस्टन टी५, २००५ चा टीएक्स आणि २००५ नंतरचे विंडोज मोबाइल ५ चे पॉकेट पीसी यांच्यात ती फ्लॅशमध्ये असते, तिथे वीज गेल्याने नुकसान होत नाही.

आता बॅटरीचं झाकण उघडा आणि फक्त बघा. स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर अल्कलाइन सेल गळला आहे. आतली लिथियमची बॅटरी फुगली असेल तर यंत्राच्या पाठीला फुगवटा येतो किंवा पडदा एका कडेने वर उचललेला दिसतो.

सावधान: फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. ती काढून ई-कचऱ्यातच द्यायची. इथे 'एकदा लावून तर बघू' नाही.

## टप्पा २: वीज, आणि सेल बदलण्याचा क्रम

सायॉन आणि एचपीमध्ये दोन एए सेलांशिवाय एक छोटा राखीव सेल असतो. सायॉन सिरीज ५ आणि एचपी २००एलएक्समध्ये तो सीआर२०३२, सिरीज ३ च्या घराण्यात सीआर१६२०. मुख्य सेल काढले असताना रॅमला हाच जिवंत ठेवतो. नियम एकच: दोन्ही एका वेळी कधीही बाहेर नकोत. आधी नवे एए बसवा, यंत्र चालू होतंय याची खात्री करा, मगच राखीव सेल बदला. उलट क्रमाने गेलात आणि मुख्य सेल मेलेले असले, तर राखीव सेल उचलला त्या क्षणी माहिती संपली.

पाम ३ सारख्या एएए सेलवर चालणाऱ्या यंत्रांत राखीव सेलच नाही, फक्त एक कॅपॅसिटर आहे. तो साधारण मिनिटभर तग धरतो, जुना झाला असेल तर त्याहूनही कमी. नवे सेल हातात तयार ठेवूनच जुने काढा.

रिचार्जेबल सेल वापरायचे असतील तर निकेल मेटल हायड्राइडचे, आणि त्यातही कमी स्वयं-विसर्गाचे, म्हणजे नुसते ठेवले तर हळू उतरणारे, घ्या. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो, अल्कलाइनचा १.५. त्यामुळे यंत्राचा बॅटरी मीटर चुकीचं सांगतो: बराच काळ 'अर्धी' दाखवतो आणि मग एकदम खाली येतो. मीटरवर विसंबू नका, ठरलेल्या दिवशी सेल बदला.

२००एलएक्सच्या सेटअपमध्ये बॅटरीचा प्रकार निवडता येतो आणि अॅडॉप्टर लावल्यावर सेल आतल्या आत चार्जही होतात. ही सोय चालू ठेवून आत अल्कलाइन सेल घातले तर ते गळतात. विकत घेतलेल्या यंत्रात आधीच्या मालकाने काय निवडलं होतं हे माहीत नसतं, म्हणून हा पर्याय पहिल्याच दिवशी तपासा.

यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम एए सेल हल्ली सर्रास मिळतात. रॅमवर चालणाऱ्या यंत्रात ते मी वापरू देणार नाही. शेवटपर्यंत ते पूर्ण दाब देतात आणि मग एका क्षणात बंद पडतात. यंत्राला 'सेल संपत आले' असा इशारा द्यायला वेळच मिळत नाही.

अॅडॉप्टर जुळवताना व्होल्टेजइतकीच ध्रुवता (पिनेची धन-ऋण बाजू) बघा. यंत्राच्या खाचेजवळ छापलेलं गोल चिन्ह आणि अॅडॉप्टरवरचं चिन्ह सारखं हवं. पिन घट्ट बसली म्हणजे अॅडॉप्टर योग्य आहे, असं होत नाही.

तपासा: यंत्र चालू झालं, तारीख-वेळ लावली, दोन तास बंद ठेवून पुन्हा चालू केलं आणि तारीख टिकली. टिकली नसेल तर वीज कुठेतरी तुटते आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: आधी बाहेर काढा, आत काही भरू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे सावकाश जा.

पामचं हॉटसिंक, म्हणजे त्याची संगणकाशी सिंक करायची सोय, हा बॅकअप नव्हे. ते दोन बाजूंची तुलना करतं आणि ठरवलेल्या नियमानुसार एका बाजूचं दुसऱ्या बाजूवर लिहितं. संगणकावर नुकतंच टाकलेलं, रिकामं पाम डेस्कटॉप (पामच्या नोंदींचा संगणकावरचा प्रोग्राम) आहे आणि कंड्युटची (एकेका प्रकारच्या नोंदी सिंक करणाऱ्या भागाची) सेटिंग 'डेस्कटॉप हँडहेल्डवर लिहील' अशी आहे, तर भरलेला पाम रिकामा होतो. प्रोग्रामने सांगितलं तेच केलं, त्यात बिघाड काही नाही.

म्हणून पहिली जोडणी फक्त वाचणारी असू द्या. लिनक्सवर पायलट-लिंक किंवा जे-पायलट हा प्रोग्राम घ्या आणि त्यातला संपूर्ण बॅकअपचा पर्याय वापरा. तो यंत्रातल्या सगळ्या पीडीबी (नोंदींच्या) आणि पीआरसी (प्रोग्रामच्या) फाइली जशाच्या तशा उचलतो. पाम डेस्कटॉपच वापरायचं असेल तर पहिल्या वेळी प्रत्येक कंड्युट 'हँडहेल्ड डेस्कटॉपवर लिहील' असा लावा.

सायॉनवर सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाची खाच असेल (सिरीज ५ आणि ५एमएक्समध्ये असते) तर सी ड्राइव्हवरची सगळी फोल्डर कार्डावर कॉपी करा, संगणक मध्ये आणूच नका. खाच नसेल तर केबल जोडून लिनक्सवर पीएलपीटूल्स किंवा विंडोजवर सायविन हा प्रोग्राम वापरा. एचपीवर हे सगळ्यात सोपं आहे. तो एमएस-डॉस ५ वर चालतो, त्यामुळे फायलर या त्याच्या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्राममधून सी ड्राइव्ह कार्डावर उतरवला की झालं. त्याची फोनबुक फाइलही पीडीबी नावानेच संपते, पण पामच्या पीडीबीशी तिचा काही संबंध नाही. दोन्ही यंत्रं असलेल्यांनी या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

काढलेल्या फाइलींच्या फोल्डरला यंत्राचं नाव आणि तारीख द्या, त्याला फक्त-वाचनीय करा आणि आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. या मूळ प्रतीवर कधीही काम करायचं नाही.

सावधान: पामवर नुसती रीसेट दाबली तर माहिती राहते. पॉवरचं बटण दाबून धरून रीसेट केली तर तो हार्ड रीसेट होतो आणि सगळं जातं. यंत्र अडकलं म्हणून घाईत दोन्ही बटणं दाबू नका.

तपासा: काढलेल्या फाइलींपैकी दोन-तीन संगणकावर उघडून मजकूर वाचून बघा. फाइलींची संख्या जुळली एवढ्यावर समाधान मानू नका.

## टप्पा ४: साफसफाई आणि पडदा

हे पटकन आटपेल. गळलेल्या अल्कलाइनची पूड कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. सायॉन ५ चं रबरी आवरण चिकट झालं असेल तर तेही याच अल्कोहोलने हळूहळू निघतं, फक्त खालचा रंग आणि अक्षरं सांभाळा. सायॉन ५ मध्ये पडद्याला जाणारी पट्टीसारखी केबल बिजागरीजवळ तुटते. पडद्यावर रेघा दिसत असतील तर उघड-मीट कमी करा. २००एलएक्सच्या बिजागरीजवळचं प्लॅस्टिक तडकतं, तो हळू आणि दोन्ही हातांनी उघडा.

पाम, सायॉन ५ आणि पॉकेट पीसी यांचे पडदे रेझिस्टिव्ह आहेत, म्हणजे दाबावर चालतात. टॅब्लेटसाठी मिळणारे मऊ टोकाचे स्टायलस इथे उपयोगाचे नाहीत, साधं कडक प्लॅस्टिकचं टोक हवं. टॅप चुकीच्या जागी लागत असेल तर आधी पडद्याच्या कडेच्या फटीतली धूळ काढा आणि मग डिजिटायझर (पडद्याचा स्पर्श ओळखणारा थर) पुन्हा जुळवा. उलट केलंत तर चुकीचीच जुळणी पक्की होते.

## टप्पा ५: कुठल्या माहितीचा मालक कोण

कागद घ्या आणि लिहून काढा. पत्ते-फोन आणि भेटीच्या वेळा यांचा मालक फोन. मसुदे, टिपणं, रोजनिशी यांचा मालक जुनं यंत्र. हिशेब, मोजमापं, नोंदींचे तक्ते यांचं तुमच्या सवयीवर, पण मालक एकच. ज्याच्याकडे मालकी नाही त्या बाजूची प्रत ही फक्त वाचायची प्रत. तिच्यात काही सुचलं तर बदल तिथे करायचा नाही, मालकाकडे जाऊन करायचा. सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण दुहेरी नोंदींचा गोंधळ यानेच कायमचा थांबतो.

यंत्राची निवडही त्याच्या बळानुसार करा. सायॉन ५ चा कीबोर्ड लांब मजकुरासाठी आहे. २००एलएक्समध्ये लोटस १-२-३ रॉममध्येच आहे, आकडेमोडीसाठी आजही तो झटपट चालू होतो. पाम याद्या आणि लहान टिपणांसाठी.

मेल, वेबसाइट, बँकिंग यांच्या मागे लागू नका. टीएलएस (वेबसाइटशी सुरक्षित जोडणीची पद्धत) हिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या आणि या यंत्रांचे ब्राउझर त्यापुढे जात नाहीत, त्यामुळे बहुतेक साइट उघडतच नाहीत. जुना वाय-फाय जोडण्यासाठी घरच्या राउटरची सुरक्षा वेप किंवा जुन्या डब्ल्यूपीएवर उतरवणं तर मुळीच नको. एका यंत्रासाठी घरातली सगळी उपकरणं उघडी पडतात. पासवर्डही यात ठेवू नका. पाममधल्या 'खासगी' नोंदी फक्त लपवलेल्या असतात, कूटबद्ध नसतात. संगणकावरच्या बॅकअप फाइलीत त्या सरळ वाचता येतात.

## टप्पा ६: ने-आणीची वाट

तीन वाटा आहेत. वरून खाली जा. पहिली चालत असेल तर दुसरीच्या वाटेला जाऊ नका.

पहिली वाट, कार्ड. ड्रायव्हर नको, जुनी विंडोज नको, केबल नको. यंत्रातून कार्ड काढायचं, यूएसबी रीडरमध्ये घालायचं आणि फोनला किंवा संगणकाला लावायचं. फक्त कार्ड योग्य हवं. जुन्या पामला एसडीएचसी कार्ड कळत नाही, म्हणून २ जीबी किंवा त्याहून लहान साधं एसडी घ्या. एम५०० च्या पिढीला १ जीबीपेक्षा मोठं देऊच नका. फॉरमॅट फॅट१६ हवा; एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालत नाही. डॉस ५ ला एका विभागात २ जीबीपेक्षा जास्त दिसत नाही, तेव्हा एचपीसाठीही हीच मर्यादा. एचपीला पीसीएमसीआयएमधून (त्याच्या मोठ्या कार्डाच्या खाचेतून) सीएफ जोडणारा १६ बिटी अॅडॉप्टर लागतो. दिसायला तसाच असणारा ३२ बिटी कार्डबस चालत नाही.

शक्य असेल तिथे कार्ड त्या यंत्रातच फॉरमॅट करा. पामवर कार्डाच्या मुळाशी, म्हणजे कुठल्याच फोल्डरमध्ये न घालता, टाकलेला प्रोग्राम दिसत नाही. तो 'पाम' फोल्डरमधल्या 'लाँचर' या उपफोल्डरमध्ये असावा लागतो. 'कॉपी केला पण दिसत नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

सावधान: कार्ड फोनला लावल्यावर 'हे कार्ड फॉरमॅट करू का' असं विचारलं तर नाही म्हणा. आणि कार्ड काढण्याआधी प्रत्येक वेळी इजेक्ट करा.

दुसरी वाट, सिरियल केबल. कार्डाची खाच नसलेल्या सायॉन ३ आणि पाम ३ साठी ही वाट. यूएसबीवरून सिरियल देणारा अॅडॉप्टर आरएस-२३२ चा (संगणकाच्या जुन्या सिरियल पोर्टच्या पद्धतीचा) हवा. छोट्या बोर्डांसाठी मिळणारा ३.३ किंवा ५ व्होल्टचा टीटीएल अॅडॉप्टर इथे लावायचा नाही. रास्पबेरी पाय या छोट्या बोर्ड-संगणकावर कायमचं ठाणं करणार असाल तर त्याच्या पिनांना आरएस-२३२ थेट जोडू नका, मध्ये मॅक्स३२३२ चं परिवर्तक सर्किट लागतं. नाहीतर बोर्ड जळतो.

जोडत नसेल तर या क्रमाने बघा: यंत्रावर जोडणी 'केबल' निवडली आहे की 'इन्फ्रारेड' राहिली, दोन्हीकडे वेग सारखा आहे का (सायॉन ५ ला १,१५,२००), हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू आहे का. नल-मोडेम तुकडा (पाठवायच्या आणि घ्यायच्या तारांची अदलाबदल करणारा जोड) यंत्र मोडेमला किंवा दुसऱ्या यंत्राला जोडताना लागतो. संगणकाला जोडण्यासाठीच्या क्रेडलमध्ये तो घातला की जोडणी तुटते. काम झालं की सायॉनवर रिमोट लिंक (संगणकाशी जोडणीची सेटिंग) बंद करा, ती सेल खाते.

इन्फ्रारेडबद्दलही सांगून ठेवतो. ज्या फोनवर टीव्हीचा रिमोट चालतो तो फोन पामशी इन्फ्राने बोलेल अशी आशा ठेवू नका. रिमोटची इन्फ्रा आणि हँडहेल्डची इर्डा या दोन वेगळ्या पद्धती आहेत.

तिसरी वाट, आभासी संगणक. पाम डेस्कटॉप किंवा अॅक्टिव्हसिंकशिवाय (पॉकेट पीसीचा सिंक प्रोग्राम) जमतच नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये ३२ बिटी विंडोज एक्सपी बसवा आणि त्याचं इंटरनेट बंद ठेवा. पामची खोच इथे आहे: यूएसबीचा पाम हॉटसिंकचं बटण दाबल्यावरच संगणकाला दिसतो आणि थोड्या वेळात गायब होतो. यादीतून हाताने निवडेपर्यंत वेळ निघून जातो. म्हणून यूएसबी फिल्टर आधीच बनवून ठेवा, त्यात फक्त निर्मात्याचा क्रमांक भरा (पामचा ०८३०, हँडस्प्रिंगचा ०८२डी) आणि बाकी रकाने रिकामे सोडा.

एकापेक्षा जास्त पाम असतील तर प्रत्येकाला वेगळं वापरकर्ता-नाव द्या. आणि जुन्या पामचं नाव घेऊन पाम ओएस ५ च्या यंत्रावर जाताना संगणकावरच्या 'बॅकअप' फोल्डरचं नाव आधी बदला. नाहीतर पहिल्या हॉटसिंकला जुने, न जुळणारे प्रोग्राम आपोआप भरले जातात आणि नवं यंत्र वारंवार रीसेट होत राहतं.

## टप्पा ७: मजकुराचं रूपांतर

ही यंत्रं युनिकोडच्या आधीच्या जगातली. पाम विंडोज-१२५२ ही सांकेतिक रचना वापरतो, डॉसवरचा एचपी कोड पेज ८५० किंवा ४३७ वापरतो. फोनवरून आलेला मजकूर यूटीएफ-८ असतो, त्यामुळे वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब रेघा कचरा होऊन दिसतात. पाठवण्याआधी संगणकावर आयकॉन्व्ह या प्रोग्रामने किंवा चांगल्या टेक्स्ट एडिटरने रूपांतर करा, आणि ओळींचा शेवट डॉस पद्धतीचा ठेवा.

देवनागरीचं मात्र रूपांतर होत नाही, तिथे थेट प्रश्नचिन्हं उमटतात. पॉकेट पीसी आतून युनिकोड आहे, पण मुळात त्यात मात्रा आणि जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. त्यामुळे फोनवरची नावं देवनागरीत असतील तर पाठवण्याआधी ती रोमन लिपीत आणा. रोमनची एकच पद्धत ठरवा आणि तीच पाळा. एकच आडनाव दोन प्रकारे लिहिलंत तर शोधताना हाती लागत नाही.

पत्ते पाठवताना व्हीकार्डची (पत्ते-फोनच्या फाइलीचा प्रकार) २.१ आवृत्ती निवडा, ३ किंवा ४ नको. फोटो काढून टाका. जुन्या पामच्या मेमोला साधारण ४,००० अक्षरांची मर्यादा आहे, मोठा लेख पामच्या डॉक प्रकारात बदलूनच टाकावा. एचपीवर फाइलचं नाव आठ अक्षरं आणि पुढे तीन, एवढंच. फोनने दिलेली लांबलचक नावं तिथे तुटून सारखीच दिसायला लागतात.

तारखांचंही बघा. पामचं कॅलेंडर २०३१ च्या शेवटी थांबतं. अॅपलच्या न्यूटन मेसेजपॅडला जानेवारी २०१० नंतरच्या तारखांसाठी दुरुस्तीचा पॅच लागतो, तो आधी टाका आणि मगच नोंदी करा.

तपासा: पूर्ण यादी पाठवण्याआधी पाचच नोंदी पाठवा. एकीत उच्चारचिन्हाचं अक्षर, एकीत लांब टीप, एकीत दोन फोन क्रमांक असू द्या. त्या पाच नीट दिसल्या की बाकीच्या पाठवा.

## टप्पा ८: आठवड्याचा क्रम आणि शेवटची परीक्षा

आठवड्यातून एक वार ठरवा. आधी जुन्या यंत्रावरचं नवं लिखाण बाहेर काढा, मग बॅकअप घ्या, मग फोनवरची ताजी यादी आत भरा. भरणं नेहमी शेवटी. घड्याळ पुढे-मागे झालं असेल तर तेव्हाच लावा.

महिनाभर हे चाललं की एक दिवस मुद्दाम पूर्ण बॅकअप घ्या, फाइली उघडून बघा, हार्ड रीसेट करा आणि सगळं परत भरा. काय परत आलं नाही ते लिहून ठेवा: कुठल्या प्रोग्रामची सेटिंग गेली, कुठली फाइल बॅकअपमध्ये नव्हतीच. ती यादी बॅकअपच्या फोल्डरमध्येच टाका आणि पुढच्या आठवड्यापासून त्या फाइलींचाही बॅकअप सुरू करा.